पिवळट हिरवा

माज कशाचा करावा याला काही ताळतंत्र असतं. कुणाला पैशाचा असतो, कुणाला रूपाचा, आणि ते निदान समजण्यासारखं तरी आहे. या गृहस्थाला माज होता तो हिरव्या रंगाचा. वीतभर प्लास्टिकच्या लढाऊ विमानांच्या पंखांवर जो मातकट हिरवा फासतात, विमान खालच्या रानात मिसळून जावं म्हणून, तो हिरवा. नोकरीतून निवृत्त झाल्यावर याने छोट्या विमानांचा मॉडेल क्लब असा काही ताब्यात घेतला, की स्पर्धा कुणाचीही असो, निकाल हाच देणार. लोक त्याला परीक्षक म्हणत. त्यालाही ते गोड लागे.

क्लबातले बाकीचे लोक छापील रंगपट्टी वापरत. पट्टीवरचा नमुना शेजारी ठेवायचा, रंग कालवायचा, जुळला की काम झालं. परीक्षकाला याचा तिटकारा. "पट्टी लागते ती आंधळ्याला," तो म्हणायचा. "मी खरं विमान पाहिलंय, कुंपणाला नाक लावून. तो हिरवा इथे आहे." आणि कपाळावर टिचकी मारायचा. वाटीत रंग ओतायचा, थोडा तपकिरी, थेंबभर निळा, आणि डोळ्यांना पटलं की थांबायचा. खोटं कशाला बोलायचं, पूर्वी जुळायचाही अगदी तंतोतंत.

पण जीभ! प्रदर्शनात टेबलामागून टेबल धुऊन काढायचा. "हे विमान आहे की पालकाची जुडी?" "हा रंग उरला असेल तर मोरीच्या दाराला लावा." ज्याचा पाणउतारा व्हायचा तो सोडून बाकीचे सगळे खिदळायचे, आणि पुढच्या टेबलाशी त्यांच्यातल्याच एकाची पाळी यायची. तरी दरवर्षी येत होते, निर्लज्जासारखे.

अशात जावयाला बुद्धी सुचली. सासऱ्याशी बोलायला काही विषय मिळेल या भाबड्या आशेने त्याने रंग फवारायचा एअरब्रश घेतला आणि कित्येक महिने खपून एक विमान केलं. वार्षिक प्रदर्शनात मांडलं. आईवडिलांनाही कौतुकाने घेऊन आला. परीक्षकाने विमान दोन बोटांत उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं.

"जावईबापू, याला कावीळ झालीय. पिवळट आहे सगळं."

"बाबा, पट्टीशी जुळतंय हो. बघा ना," म्हणत जावयाने पट्टी पुढे केली.

"मग पट्टीलाही कावीळ. एकाच दवाखान्यात न्या दोघांना."

हॉल खदखदून हसला. जावयाची आई तेवढी हसली नाही. ती पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत राहिली. त्या दिवसापासून जावई सासऱ्याच्या घराची पायरी चढला नाही. मुलगी यायची, एकटी, आणि चहा न घेता जायची.

पुढे परीक्षकाला दिवे फुटके दिसू लागले. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, मुरलेला. आधी उजव्या डोळ्यातला काढला. डोळ्यावरची पट्टी सुटली, घरी आला, कपाटातून पांढरा सदरा काढला आणि भडकला.

"सदरे निळे कशाने झाले?"

बायको भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "तुम्हीच ना पिवळे पिवळे म्हणून माझा जीव खाल्लात इतकी वर्षं? साबण बदलला, तरी पिवळे. मग घालत गेले नीळ. दर धुण्याला जरा जास्त."

"मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला? बोलायचं?" आणि तिने एक शेंग कडकन मोडली.

तो सदरा हातात धरून उभा राहिला. मग विमानांच्या काचेच्या कपाटापाशी गेला. वरच्या फळीवर तरुणपणची विमानं होती. मातकट हिरवी, झकास. त्याखालच्या फळीवर हिरव्यात काहीतरी शिरलं होतं. त्याखाली आणखी. आणि सगळ्यात खाली, ज्यांचा त्याने टेंभा मिरवला होता ती अलीकडची विमानं, चक्क मोरपिशी! रानात लपायचं दूरच राहिलं, लग्नाच्या मांडवातसुद्धा उठून दिसली असती. त्याने उजवा डोळा मिटला. डाव्याने, मोतीबिंदूच्या पिवळ्या पडद्यातून, पाहिलं तर सगळं जिथल्या तिथे, अस्सल. डावा मिटला, उजवा उघडला. मोरपिशी.

त्याने मागच्या प्रदर्शनाचे फोटो काढून खिडकीशी नेले. टेबलामागून टेबल, सगळी विमानं निळसर. सगळ्यांची! पट्टी खिशात ठेवून निळ्याची बाटली ओतत होते लेकाचे, याच्या तोंडून एक 'बरं आहे' ऐकण्यासाठी. परीक्षकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाचार! गुलाम! एकाच्याही तोंडात जीभ नव्हती?" तो फोटोंवर ओरडला. जीभ असलेल्या एकाचं आपण काय केलं होतं, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. फोटोच्या कोपऱ्यात ते विमान होतं. एकटंच. मातकट हिरवं, बरोबर.

दोन दिवसांनी मुलगी डोळ्यात थेंब घालायला आली. हातात खोकं होतं. थेंब घातले, बाटलीचं झाकण लावलं आणि खोक्यातून जावयाचं विमान काढून टेबलावर ठेवलं.

"बाबा, आईने मला सदऱ्यांचं सांगितलं. मी काही भांडायला आले नाही. तुमचे डोळेच अधू होते, त्यात तुमचा काय दोष? आता नीट दिसतंय ना? मग एकदा बघा आणि खिडकीतून त्याला हाक मारा. तो खाली गाडीत बसलाय. माफीबिफी काही नको. नुसतं 'रंग बरोबर आहे' म्हणा, धावत वर येईल तो. मला माझं माहेर हवंय हो, त्याच्यासकट."

परीक्षकाने विमान पाहिलं. खिडकीतून लख्ख उजेड येत होता. कुंपणाला नाक लावून पाहिलेला हिरवा समोर होता. इतकी वर्षं त्याला स्वतःला न साधलेला, आणि साधला कुणाला, तर पट्टी घेऊन बसणाऱ्या या पोराला. आता हे कबूल करायचं म्हणजे खालची फळी गेली, सगळे निकाल गेले, आणि ते लाचार लोक आपल्याला हसणार. आपल्याला! त्याने खिशातला रुमाल काढला आणि डोळ्यावर धरला. विमान उचलून नाकाशी नेलं, फिरवलं, उलटं करून पोट पाहिलं.

"पिवळटच आहे," तो म्हणाला.

मुलगी वाकून त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

"बाबा, रुमाल कुठल्या डोळ्यावर धरलाय तुम्ही?"

"पाणी येतंय त्यातून."

"येऊ दे. काढा तो."

त्याने काढला नाही. ती वाट पाहत उभी राहिली, पोळपाट-लाटण्याचा आवाज थांबवून आई स्वयंपाकघराच्या दारात आली, तरी काढला नाही. मग मुलीने विमान त्याच्या हातातून सोडवून घेतलं, कापसात गुंडाळलं, खोक्यात ठेवलं. "आई, उद्यापासून थेंब तूच घाल," एवढं म्हणाली आणि जिना उतरून गेली. खाली गाडीचं दार लागलं.

बायको कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होती, सांडलेल्या दुधाकडे बघावं तसं.

"दवाखान्यातून फोन आला होता," ती शेवटी म्हणाली. "डाव्या डोळ्याची तारीख विचारत होते. काय सांगू?"

परीक्षक कपाटासमोर खुर्ची ओढून बसला होता, उजव्या डोळ्यावर रुमाल तसाच दाबून. खालच्या फळीवरची विमानं एकेक करून न्याहाळत होता.

"नको म्हणावं," तो म्हणाला. "तो डोळा चांगला आहे."