अराबाआईच्या हॉलचं मागचं दार

अराबाआईच्या हॉलला दारं दोन. पुढचं रस्त्यावर उघडतं, मागचं नारळीच्या वाडीत. दोन्ही सारखीच रुंद, दोन्ही बाहेर ढकलली की उघडणारी. मागच्यावर तर तिनं हिरव्या रंगात 'बाहेर' असं रंगवून घेतलंय, खाली धावणाऱ्या माणसाचं चित्र. तरी अग्निशामक दलाचा अर्हिन तपासणीला आला आणि त्यानं लिहिलं: दार एक.

मी तिथेच होतो, कारण शनिवारी तिच्या पणतूच्या बारशाला खुर्च्या माझ्या जाणार होत्या. आमच्या गावात लग्न असो की मयत, खुर्च्या बैडूच्याच. कोणावर गावाचा किती जीव आहे ते मला खुर्च्यांवरून कळतं. आमच्या मुखियाला शंभर पुरतात, त्यातल्या चाळीस रिकाम्याच राहतात. अराबाआईला दोनशे लागतात आणि वर लोक भिंतीला टेकून उभे.

"एक?" अराबाआई म्हणाली. "पोरा, तुझ्या आईनं तुला मोजायला शिकवलं नाही वाटतं. बोलव तिला."

"आई, नियम असा आहे," अर्हिन म्हणाला. तिच्या हातची मक्याच्या पिठाची केंकी खाऊन वाढलेला पोरगा तो; गणवेशात होता, पण टोपी काढून हातात धरली होती. "एकच दार असेल तर पन्नास माणसं. जास्त बसवायची तर बाहेर पडायला दुसरी वाट पाहिजे. आणि वाट म्हणजे जिच्यातनं माणसं जातात ती."

"जातात की."

"मेलेली."

खरं होतं ते. हॉल बांधला तिच्या नवऱ्यानं, आकोननं. पुढच्या पायऱ्यांवरून शवपेटी उतरवताना हिसके बसतात, म्हणून त्यानं मागे सपाट दार ठेवलं. त्या दारातनं पहिली पेटी त्याचीच गेली. तेव्हापासून आमच्याकडे ते दार पेटीसाठी उघडतं आणि पेटी गेली की बंद होतं. खांदेकरीसुद्धा परत येताना वळसा घालून पुढून येतात. असा नियम कोणी केला नाही. पण वाडीत नारळ पडल्याचा आवाज आला तरी माणूस आधी रस्त्यावर जातो, मग वाडीत.

"आग लागल्यावर कोण बघतंय, मेलेल्यांचं दार का जित्यांचं?" आई म्हणाली.

"बघू या," म्हणत अर्हिन बाहेर गेला.

मागच्या दाराला अगदी खेटून पाच-सहा बायका केळीच्या पानांत केंकी बांधत बसल्या होत्या. अर्हिननं बाहेरून पत्रा बडवला आणि आग आग म्हणून ओरडला. बायका उठल्या. हाताच्या अंतरावरचं दार सोडून सगळ्या आख्ख्या हॉलभर धावत पुढच्या दाराशी गेल्या आणि तिथे एकमेकींत अडकल्या. सगळ्यांत पुढे अराबाआई होती. मी दुसरा होतो, ते अर्हिननं पाहिलं नाही म्हणून बरं.

"मी काय लिहू सांगा," तो म्हणाला. हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "त्या दारातनं जिवंत माणसं जाताना ज्या दिवशी बघेन, त्या दिवशी दोन लिहीन."

तो गेल्यावर आई मागच्या दाराशी स्टुलावर बसली.

"पन्नासच आण, बैडू."

"बाकीच्यांना काय सांगू?"

"सांग, अराबाचा हॉल आता बैठकीची खोली झालाय."

"पन्नास माणसांचा हॉल पुन्हा कोण घेणार आई? बंदच पडायचा."

"ठाऊक आहे मला." तिनं कडीवरून हात फिरवला. "हे उघडलं ना, की वाटतं तो परत एकदा निघालाय. तेवढ्यासाठी नाही हात लावत. गावाला वाटतं मी भुताला भिते."

  मी खुर्च्या मात्र दोनशेच टेम्पोत चढवून ठेवल्या. उतरवायला काय, कधीही येतात.

शनिवारी पहाटे घरची आणि कामाचीच माणसं जमली, पांढऱ्या कपड्यांत. आईचं घर हॉलला लागूनच, खोलीचं दार हॉलातच उघडतं. आठ दिवसांचं बाळ अजून बाहेरच्या हवेला लागलं नव्हतं; आमच्याकडे बारशालाच पहिल्यांदा बाहेर नेतात. नाव ठरलं होतं पणजोबाचं, आकोन. नात एवुरामा आपल्या लेकराला घेऊन पुढच्या दाराकडे निघाली. अर्हिन कोपऱ्यात उभा होता. त्याला कोणी बोलावलं होतं ते मी विचारलं नाही.

"दे इकडं," अराबाआई म्हणाली. बाळ घेतलं आणि उलटी फिरली.

"आजी, तिकडनं नको." एवुरामानं तिचं लुगडं धरलं. "आजच्या दिवशी तरी नको."

"सोड गं. या दारातनं आकोन गेला तेव्हा मी त्याच्याबरोबर बाहेर पडले नाही. पुढनं वळसा घालून गेले, तोवर पेटीची गाडी निघाली होती. आज जाते."

एवुरामानं पदर सोडला. आईनं खांद्यानं दार ढकललं. गंजलेली बिजागरी ओरडली, बाळ दचकलं आणि रडायला लागलं. ती वाडीत जाऊन उभी राहिली. आम्ही सगळे आत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मग एवुरामा लेकराच्या रडण्यामागे धावली, तिच्यामागे तिची सासू, मग केंकीवाल्या बायका. मी आठवा-नववा असेन.

बाहेर उजाडत होतं. आईनं बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवला, मग दारूचा, आणि आमच्याकडे म्हणतात तसं म्हणाली, "पाण्याला पाणी म्हण. दारूला दारू म्हण." जरा थांबून अर्हिनकडे बघत म्हणाली, "आणि दाराला दार म्हण."

अर्हिन दाराच्या आतच थांबला होता, कागदावर 'दार दोन' लिहीत. उंबऱ्यावर पाय ठेवून क्षणभर घुटमळला, मग बाहेर आला आणि पाठ वाकवून तिच्यापुढे कागद धरला, ओल्या हातानं सही कर म्हणून.

मी दोनशे खुर्च्या उतरवायला टेम्पोकडे गेलो. मागच्या दारातनं आत शिरून गेलो, तिकडनं जवळ पडतं.