कंपनीची परवानगी

सावद्याजवळच्या जीवराम नानांच्या रायपनिंग चेंबरमध्ये थंडावा आणि गॅस सांभाळणारा प्रोग्राम मी बसवून दिलेला आहे. दार बंद झाल्यापासून बरोबर आठ तासांनी तो केळी पिकवणारा गॅस सोडतो. हिवाळ्यात हे पुरेसे होते. मे महिन्यात मात्र लागोपाठ दोन गाड्यांचा माल बाहेरून पिवळा आणि आतून गाळ निघाला, तेव्हा नानांनी मला धुळ्याहून बोलावून घेतले.

चेंबरचे काम त्यांची सून दिपमाला पाहते. तिने तीन आठवड्यांची वही माझ्यापुढे ठेवली. आलेल्या मालातल्या फळात तिने दर तासाला थर्मामीटर खुपसला होता. आत येताना चौतीस अंश. अठरापर्यंत उतरायला चौदा तास.

"सर, फळ आतून गरम असतानाच गॅस सुटतो. आठाचे चौदा करा."

मी पंधरा वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. इतकी स्वच्छ निरीक्षणे माझ्या एकाही विद्यार्थ्याने आणून दिली नव्हती. बदल एका आकड्याचा होता.

"कंपनीला विचारावं लागेल," मी म्हणालो.

"मंग इचारा ना!" नाना म्हणाले. "गाडी दारात उभी हाये. कापलेला माल कुठलोक थांबीन?"

येथे नोंदवले पाहिजे की कंपनी म्हणजे मी. धुळ्यातली एक खोली आणि एक टेबल. प्रोग्रामही माझा नाही. शिरपूरच्या हिलालने, माझ्या जुन्या विद्यार्थ्याने, तो लिहून सर्वांसाठी खुला केला होता. सोबतच्या परवान्याच्या अटी सरळ होत्या: वापरा, बदला, हवी ती किंमत लावून विका, मात्र ज्याला द्याल त्याला प्रोग्रामचा मूळ सोर्स कोड आणि हीच मोकळीक द्या. मी परवान्याची फाईल पुसून टाकली, पासवर्ड लावला आणि प्रोग्राम कंपनीचा म्हणून विकला.

मी बाहेर कॉम्प्रेसरच्या आडोशाला जाऊन बंद फोन कानाला लावला. दोन मिनिटे पुरतील, असा अंदाज होता. मध्येच "हो, हो" असेही म्हणालो.

"दिली परवानगी," आत येऊन मी सांगितले.

"भला माणूस दिसतो तुमचा कंपनीवाला! त्याले दोन घड पाठवतो. पत्ता लिहून द्या."

दिपमालाने वहीचे कोरे पान पुढे केले. मी नाव लिहायला घेतले आणि थांबलो.

"कंपनी नाही, नाना," मी म्हणालो, आणि सगळे सांगितले. परवान्याची प्रत माझ्या लॅपटॉपवर होती. दिपमालाने ती शेवटपर्यंत वाचली.

"यात विकायला मनाई नाहीच. मग लपवलं कशाला?"

"तुम्ही स्वतःच बदल केले असते. मला बोलावलं नसतं."

"आकडा बदलायला नसतंच बोलावलं. फळाचं तापमान मोजणारा सेन्सर जोडायला बोलावलं असतं. शेजारच्यांकडेही मीच पाठवलं असतं तुम्हाला."

नाना माझ्याकडे वळले. "सर, पहिली गाडी बिघडली तवा मी फोनवर इचारलं होतं, टाइम वाढवता येईन का."

"विचारलं होतं."

"तुम्ही काय म्हणले?"

"येत नाही, म्हणालो."

"अन् पासवर्ड तवा तुमच्याचपाशी."

"हो."

"म्हणजे दुसरी गाडी केळीनं नाही बिघडवली."

नाना हमालांना हाका मारत बाहेर गेले.

मी पासवर्ड काढला आणि सोर्स कोड दिपमालाच्या संगणकावर उतरवला. आठाचे चौदा तिने स्वतः केले, दोनदा तपासले आणि विचारले, "हा पासवर्ड आणखी किती ठिकाणी आहे, सर?"

"रावेरपर्यंत अकरा चेंबरांना."

"त्या सगळ्यांच्या दारातही आज गाड्या असतील," ती म्हणाली. "मग इथे काय बसलात?"