खुणांनी भरलेला तक्ता

शुक्रवार दुपारपर्यंत सैद्धांतिक चौकट ठरवा, नाहीतर संशोधनाचा प्रस्ताव पुढच्या वर्षी, असं गाईडबाईंनी बजावलं होतं. गुरुवार उजाडला तरी फिजिओथेरपिस्टचं आपलं तळ्यात-मळ्यात चालूच. अर्धांगाचा झटका आलेले रोगी घरी गेल्यावर व्यायाम का सोडतात, हा विषय तिनेच हौसेने घेतला होता. घोडं अडलं होतं सिद्धांतापाशी. एक सिद्धांत म्हणे, धोका आणि फायदा पटला की माणूस आपणहून हलतो. दुसरा म्हणे, नुसतं पटून भागत नाही, ते करणं त्याला स्वतःचं वाटावं लागतं. पहिल्यावर बेतलेली प्रश्नावली तिने चार महिने घासून तयार केली होती. ती टाकवत नव्हती आणि तिच्यावर मनही बसत नव्हतं.

त्यातच घड्याळजींचा घरच्या व्यायामाचा तक्ता हाती आला. हे तिचे जुने रोगी. उजवा हात लुळा पडल्यापासून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होतं. प्रश्नावलीत त्यांना पैकीच्या पैकी गुण, तक्त्यात रोजच्या व्यायामापुढे बरोबरची खूण, आणि बोटं मात्र दोन महिन्यांपूर्वी होती तशीच. तिला खुर्चीत बसवेना. हातातलं काम तसंच टाकून ती त्यांच्या घरी गेली.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. तक्ता पाहताच तिचा चेहरा पडला. खुणा आपणच करतो, हे तिने लगेच कबूल केलं. तुम्ही एवढ्या जीव तोडून शिकवता, कोरा कागद कसा पाठवायचा, असं तिचं म्हणणं.

आत घड्याळजी खिडकीशी बसले होते. गालावर कापल्याची ताजी जखम होती.

"काका, व्यायामाचा फायदा होतो हे पटत नाही का तुम्हाला?"

"न पटायला काय झालं? तुमच्या प्रश्नांना तसंच तर उत्तर दिलंय मी," ते म्हणाले. "पण तो चेंडू दाबून मी करू काय? हिच्याकडून दाढी करून घेतो मी. गाल असा ओढते, जसा काही उशीचा अभ्रा. माझी दाढी मला करू द्या, मग बघा."

बायको हसली, पण डोळे पुसतच आत गेली. फिजिओथेरपिस्टने दाढीच्या ब्रशच्या दांड्याला जाड कापड गुंडाळून दिलं. वाटीतला फेस हनुवटीपर्यंत न्यायला त्यांना पाव तास लागला. निम्मा सदऱ्यावर सांडला. मदतीला पुढे झालेला फिजिओथेरपिस्टचा हात त्यांनी डाव्या हाताने बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी तिने गाईडबाईंना सांगितलं, दुसरी चौकट घेते, प्रश्नावली नव्याने करते.

"एका माणसावरून चौकट ठरवता?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही. पण पहिल्या चौकटीत हा माणूस मला दिसलाच नसता."

"आणि या चौकटीत कोण दिसणार नाही, ते माहीत आहे?"

माहीत नाही, असं तिने सरळ सांगितलं. बाई म्हणाल्या, हेच वाक्य मर्यादांच्या प्रकरणात लिहा, आणि प्रस्तावावर सही केली.

जिना उतरताना तिला हायसं वाटायला हवं होतं. पण बाईंच्या प्रश्नाचा भुंगा डोक्यातून जात नव्हता, आणि अभ्यासातल्या चाळीस रोग्यांपैकी अजून एकोणचाळीस जणांची घरं बघायची होती.