परीक्षेला चालत गेलेला बूट

नाक दाबू नका, मित्रांनो! मी एक जुना बूट आहे खरा, डाव्या पायाचा, पण साधासुधा नाही. मी परीक्षा दिलेला बूट आहे. उजवा भाऊही बरोबर होता, पण तो पडला अबोल. म्हणून त्याचेही मीच सांगतो.

मला घडवणारी मुलगी घर सोडून परदेशात बूट बनवायला शिकत होती. घरी तिला सगळे 'धांदल' म्हणत. पण हातात सुई आली की धांदल अगदी शांत होई. लाकडी साच्यावर कातडे ताणून तिने मला एकेक टाका घालत शिवले. परक्या गावात मापाला दुसऱ्या कुणाचा पाय मागणार? म्हणून साचा तिने स्वतःच्याच पायाचा केला होता.

मला मऊ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवले, तेव्हा मी फुशारून गेलो. आपल्याला जमिनीला टेकायचेसुद्धा नाही! दुसऱ्या गावी जायचे, परीक्षकांच्या टेबलावर बसायचे आणि कौतुक करून घ्यायचे. माझ्यावर धांदलचे सारे शिक्षण अवलंबून होते. पास झाली तर ती कारागीर होणार होती, नाही तर हात हलवत घरी परत.

गाडीत तिला राहवेना. खोके उघडून ती मला पुन्हा पॉलिश करू लागली. त्यात इतकी रमली, की एका लहानशा स्टेशनावर डबे सोडवून गाडीचे दोन भाग केले हे तिला कळलेच नाही. पुढचा भाग परीक्षेच्या गावी निघून गेला आणि आम्ही मागच्या भागात! ती उतरून धावली, तर चपलेचा अंगठा तुटला. बुटांची परीक्षा द्यायला निघालेली मुलगी अनवाणी! मला रडू येत होते आणि ती पोट धरून हसत होती.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"पोचलीस का गं?"

"अर्धी गाडी पोचतेय, आई. मी उरलेल्या अर्ध्यात होते."

"अगं बाई! मग आता?"

"रडत बसले तर गाडी मागे येणार आहे का? बघते काहीतरी."

स्टेशनमास्तर म्हणाले, "टेकडीपलीकडे बस मिळेल. पण वाटेत नुसता चिखल आहे. अनवाणी कशा जाणार?"

धांदलने माझ्याकडे पाहिले. मला घामच फुटला. वापरलेले बूट परीक्षेत चालतील की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हते. पण पोचलीच नाही तर सगळेच संपले असते. तिने पिशवीतले मोजे काढले. "चला रे पोरांनो," ती म्हणाली, "टेबलावर बसून तरी काय करणार होतात?"

आणि माझ्यात पहिल्यांदा पाय आला. काय सांगू, मित्रांनो! लाकडाखेरीज मला काही माहीत नव्हते. पाय उबदार होता, बोटे आत गुदगुल्या करत होती. आम्ही चिखल तुडवला, ओढा ओलांडला. धांदल मोठ्याने बेसूर गात होती आणि मी ठेका धरत होतो. थाट कुठल्या कुठे गेला, आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

टेकडीपलीकडे बस मिळाली आणि आम्ही पोचलो. परीक्षेच्या टेबलावर बाकीचे बूट लखलखत होते. आमच्याकडे पाहून परीक्षकबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे वापरलेत!"

"हो, बाई. गाडी हुकली, चप्पल तुटली. टेकडी ओलांडून, ओढ्यातून चालत आले."

बाईंनी मला वाकवले, पिळले, टाके ओढून पाहिले. मग म्हणाल्या, "मोजे दाखव बघू."

धांदलने लाजत पाय पुढे केला. मोजा अगदी कोरडा होता! फक्त अंगठ्यापाशी एक भोक होते.

"मोजे शिवायला शीक," बाई हसून म्हणाल्या, "बूट तुला येतात."

आज धांदलचे स्वतःचे दुकान आहे. माझा तळ बदलून झाला, कातडे सुरकुतले, मधली काही वर्षे फळीवर धूळ खातही काढली. तरी वाट खराब असली, की ती अजून मलाच हाक मारते. तर मित्रांनो, आम्हा बुटांना जपा. भिजलो तर आत कागद कोंबा, सावलीत वाळवा, थोडे तेल चोळा. आणि मग पुन्हा बाहेर न्या. बाहेर फार मजा असते हो!