अकरा झाडू

हूशंग शिडीच्या वरच्या पायरीवर उभा होता आणि दिवाणखान्याचा जड पडदा कड्यांतून सुटून नुकताच त्याच्या कवेत आला होता. नेमकी तीच वेळ साधून गोलनारने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. शिडी टेबलाला लागूनच होती. एका हाताने तिने ती धरली होती, दुसरा हात मोकळा होता.

"खाली काय करतेस?" पडद्याआडून आवाज आला.

"खाने-तकानी."

"कॉम्प्युटरची?"

"घरातच आहे ना तो? मग झाडायला नको?"

नवरोज दहा दिवसांवर आला होता. नवं वर्ष उंबऱ्याशी येण्याआधी जुनं घर पार हलवून, झटकून काढायचं, ही खाने-तकानी इराणातल्या रश्त शहरात प्रत्येक घराची रीत. गालिचे धुवायला गेले होते, चहाचं पाणी उकळायचा सामोवार घासून लख्ख झाला होता आणि वर्षभर ज्यांना कोणी हात लावला नव्हता अशी भांडी देऊन टाकायला दाराशी रचलेली होती. या दिवसांत घरात बायकोचा शब्द शेवटचा, आणि नवरा म्हणजे शिडीवर चढणारे दोन हात. हूशंगची त्याला हरकत नव्हती. फक्त क्रोशाचं आच्छादन घालून कोपऱ्यात ठेवलेला कॉम्प्युटर त्याचा होता. मत्स्यखात्यातून निवृत्त झाल्यापासून तीच त्याची कचेरी होती.

"त्याला हात लावू नकोस," तो वरून म्हणाला. "मी रोज साफ करतो तो."

रोज साफ करायचा हे खरंच होतं. संध्याकाळी चहाचा पेला घेऊन तो टेबलाशी बसायचा, झाडूच्या चित्रावर बोट दाबायचा आणि हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकताना डोळे भरून बघायचा. मग स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, आज चार हजार दोनशे चुका काढल्या. जाळं भरून घरी आलेल्या कोळ्याचा रुबाब असायचा तो. एकदा गोलनारने विचारलं होतं, काल चार हजार गेल्या, मग आज पुन्हा तेवढ्याच कुठून आल्या? कॉम्प्युटरचं तसंच असतं, असं उत्तर मिळालं. तिला काही ते पटलं नव्हतं. ज्या घरात रोज तेवढाच कचरा निघतो, तिथे कोणीतरी तो आणून टाकत असतं, एवढं तिला संसाराने शिकवलं होतं.

आणि आज संध्याकाळी पाच वाजता तिचा वर्ग होता.

गोलनारने आयुष्यभर मुलींच्या शाळेत फारसी शिकवली. निवृत्तीनंतर सगळं मिळालं, फक्त वर्ग गेला. भाजी निवडता निवडता ती स्वतःशीच धडे म्हणायची आणि हूशंग आत आला की गप्प व्हायची. अशात मागच्या शरदात स्वीडनमधल्या माल्मोहून फोन आला. तिथे जन्मलेल्या इराणी मुलांना स्क्रीनवरून फारसी शिकवणारी एक छोटी संस्था होती. ती चालवणारी रोक्साना हीसुद्धा तिथेच जन्मलेली. एक वर्ग घ्याल का, असं तिने विचारलं. गोलनारचा जीव आनंदाने हरखला आणि तोंड मात्र कोणत्याही घरंदाज बाईने म्हणावं तेच म्हणालं, "छे हो, माझी कसली लायकी. माझ्याहून चांगल्या कितीतरी असतील."

यावर समोरच्याने पुन्हा विचारायचं असतं. मग पुन्हा नाही म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की नाइलाज झाल्यासारखं हो म्हणायचं. याला तआरोफ म्हणतात, आणि इथल्या पोराटोरांनाही तो शिकवावा लागत नाही. पण रोक्साना म्हणाली, "बरं, हरकत नाही," आणि तिने फोन ठेवला. पुढचे चार दिवस गोलनार फोनच्या आसपास घुटमळत राहिली.

शेवटी एका जुन्या सहकारी बाईंनी मध्ये पडून पुन्हा जमवलं. नमुन्याचा वर्ग ठरला, आणि त्यात कॉम्प्युटर अडकला. पहिलं अक्षर सांगायला गोलनारने 'आ' केला आणि तशीच, तोंड उघडं ठेवून, ती माल्मोमधल्या सगळ्या घरांत गोठून राहिली. पलीकडची मुलं खिदळताना तिला ऐकू येत होती. रोक्सानाने आजची वेळ दिली होती ती शेवटची.

हूशंग पडदा सांभाळत खाली उतरला तरी कॉम्प्युटर पुरता उठला नव्हता. स्क्रीनवर एकेक चित्र सावकाश उगवत होतं. झाडू, ढाल, वीज, स्पंज, रॉकेट, पुन्हा एक झाडू.

"हे सगळे कोण?" गोलनारने विचारलं.

"सफाईवाले."

"सगळे?"

त्याने थोड्या अभिमानाने ओळख करून दिली. हा कचरा काढतो. हा चुका शोधतो. हा वेग वाढवतो. हा पहिल्यावर लक्ष ठेवतो, तो नीट काम करतो की नाही ते. सातव्या-आठव्यापाशी त्याचा आवाज जरा खाली आला, कारण ते काय करतात हे त्यालाही सांगता येईना. सगळे मिळून अकरा निघाले, आणि अकराच्या अकरा कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप जागे होत होते.

"इतके आणलेत कशाला?"

"मी एकच आणला," हूशंग म्हणाला. "हा पहिला झाडू. बाकीचे त्याच्याबरोबर आले."

"बरोबर आले म्हणजे? वरातीत?"

"विचारतात ना ते. एक बसवून झाला की विचारतात, आमचा आणखी एक आहे, फुकट आहे, देऊ का? इतक्या अदबीने विचारतात, नाही कसं म्हणायचं?" त्याने हातातला पडदा सावरला. "आणि तिथे एकदा नाही म्हटलं की ते गप्पच बसतात, पुन्हा विचारत नाहीत. ते काही बरं दिसत नाही."

गोलनारला हसू फुटलं आणि ओठांवरच विरलं. तिच्या जिभेवर चार-दोन बोल तयार होते, ते तिने गिळले. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि या घरात ती दोघांकडेही राहायला होती. त्याने भिडेपोटी दहा पाहुणे घरात घेतले, तिने भिडेपोटी एक वर्ग दाराबाहेर घालवला. कोणी कोणाला बोलायचं?

"घरात झाडू एकच लागतो," ती शांतपणे म्हणाली. "अकरा ठेवले तर माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही."

"पण मग ते रोजचे चार हजार?" असं म्हणून हूशंग थांबला. त्याने चष्मा काढला, पडद्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. "एकाने आपल्या कामाची ठेवलेली टिपणं दुसरा कचरा म्हणून काढत असेल."

"आणि दुसऱ्याची तिसरा."

"आणि मी तुला आकडे सांगत होतो." त्याने स्क्रीनकडे पाठ फिरवली. "काढ. पण मला बघायला लावू नकोस." एवढं बोलून तो पडदा धुवायला न्हाणीघरात गेला.

तिला शाळेपुरतं इंग्रजी येत होतं, आणि या कामाला तेवढं पुरेसं होतं. बसवलेल्या प्रोग्रामांची जागा तिने शोधली आणि शेवटून सुरुवात केली. रॉकेटला निरोप दिला तर ते विचारू लागलं, मला खरंच काढायचंय का? हो. पुन्हा विचार करा, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात येईल. येऊ दे. जाता जाता निम्म्या किमतीत काही देऊ का? नको. मग कुठे ते गेलं. गोलनारला मनापासून मजा वाटू लागली. प्रोग्राम परदेशी होते, पण तआरोफ अस्सल रश्तचा होता. जेवण होऊन तास झाला तरी दारात उभे राहून गप्पा मारणाऱ्या पाहुण्यांना कसं वाटेला लावायचं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. हसतमुखाने ती एकेकाच्या हातात त्याचे जोडे देत गेली, आणि तिसऱ्या नकारानंतर एकही टिकला नाही.

स्पंज मात्र लबाड निघाला. तो गेला, पण आपला एक तुकडा मागे ठेवून गेला. हत्ती गेला तरी शेपूट राहिलं होतं. कॉम्प्युटरबरोबर आपोआप जागे होणाऱ्यांच्या रांगेत तिने ते शोधून काढलं आणि तेही बंद केलं. उरला फक्त पहिला, साधा झाडू. तो तिने एकदाच चालवला. दहा जणांची मागे राहिलेली धूळ त्याने मुकाट्याने भरली. मग तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला.

स्क्रीन काळी झाली आणि काळीच राहिली.

नको तेच काही काढलं असेल तर? पावणेपाच वाजत आले होते. हूशंग ओल्या हातांनी दारात येऊन उभा होता. तिने चहाचा पेला उचलला, सवयीने साखरेचा खडा दाताखाली धरला, आणि तो विरघळायच्या आत स्क्रीन उजळली. सगळी, एका दमात. मोकळ्या निळ्या अंगणात एकटा झाडू उभा होता.

"इतक्यात?" हूशंग म्हणाला. आजवर कॉम्प्युटर लावून तांदूळ धुवायचे, चुलीवर चढवायचे आणि मग येऊन बघायचं, असा हिशेब होता.

पाचला सात चेहरे समोर आले, आणि कोणी गोठलं नाही. आर्वीन नावाच्या मुलाने पहिलाच प्रश्न केला, तुमच्या घरात पडदे का नाहीत, चोर आले होते का? गोलनारने ठरवलेला धडा बाजूला ठेवला. तिने कॅमेरा फिरवून उघड्या खिडक्या दाखवल्या, दाराशी रचलेली भांडी दाखवली, नवरोजसाठी अंकुर फुटवलेली गव्हाची थाळी दाखवली, आणि खाने-तकानी म्हणजे काय ते सांगितलं. मग म्हणाली, आपापली दप्तरं आणा आणि उलटी करा. माल्मोच्या सात घरांत सात दप्तरं उलटी झाली. जे निघेल त्याचं नाव फारसीत सांगायचं आणि ठेवू की टाकू तेही. आर्वीनच्या दप्तरातून काळं पडलेलं केळं निघालं, आणि "टाकू" हा शब्द त्या मुलांना जन्मभर पुरेल इतक्या जोरात शिकवला गेला. गोलनारचा आवाज वर चढला होता, शाळेतल्यासारखा, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. आपण किती आनंदात आहोत हे तिला स्वतःच्या आवाजावरून कळलं.

मुलं गेल्यावर रोक्साना एकटी स्क्रीनवर उरली.

"गोलनार-खानूम, शनिवारचा वर्ग घ्याल? बुधवारचाही रिकामा आहे."

'छे हो' ओठांपर्यंत आलं. माझी कसली लायकी, हेही त्याच्या मागोमाग उभं होतं. गोलनारने एक श्वास घेतला.

"हो," ती म्हणाली. "दोन्ही."

"नक्की ना? तेव्हा तुम्ही नाही म्हणालात, म्हणून आईने मला खूप झापलं. म्हणाली, तीनदा विचारायचं असतं, मूर्ख मुली."

"आईला माझा सलाम सांग," गोलनार म्हणाली. "आणि मला यापुढे एकदाच विचारत जा."

स्क्रीन मिटली तेव्हा हूशंग तिच्या मागे उभा होता. सहा वाजत आले होते, म्हणजे त्याची वेळ झाली होती. त्याने तिच्यासाठी चहा आणला होता आणि शेजारी अक्रोड भरलेलं एक कोलूचे बिस्किटही ठेवलं होतं, जे तो एरवी पाहुण्यांशिवाय कोणाला काढू देत नसे.

"मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं," तो म्हणाला. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून घसा खाकरला. "आता काय, कॉम्प्युटर तुझाच झाला. घे, तुझाच समज."

हात खुर्चीवरून हलला नव्हता. या वाक्याचं उत्तर तिला लग्न झाल्यापासून पाठ होतं, नको हो, तुमचाच आहे, तुम्हीच बसा.

"बरं," गोलनार म्हणाली. "घेते."

"खरंच?" हूशंगने विचारलं.

"खरंच."

त्याने स्क्रीनवरच्या एकट्या झाडूकडे पाहिलं. "नक्की ना?"

"नक्की. शुक्रवारी सकाळी झाडायला तुम्ही या."

आता विचारायचं काही उरलं नव्हतं. त्याने खुर्चीवरचा हात काढला. टेबलावरचं क्रोशाचं आच्छादन उचललं, काळजीपूर्वक चौघडी केली आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मग त्याने पिळलेला पडदा खांद्यावर टाकला. पडदा ओला असतानाच चढवला की सुरकुत्या पडत नाहीत, हा नियम तिचाच होता. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून तो वळला.

"शिडी धरतेस ना, बाई?"

गोलनार उठली आणि या वेळी तिने शिडी दोन्ही हातांनी धरली.