कोकॅनीची अंडी

बाहेर सौदी अरेबियातल्या थुवालचं ऊन भाजून काढत असताना, संशोधन केंद्राच्या एका थंडगार खोलीत उमामाने सालमन मासे वाढवले होते. कोकॅनी नावाचे. सालमनची ही जात समुद्र पाहतच नाही. सारा जन्म गोड्या तळ्यात काढते. उमामा रत्नागिरीची, म्हणून सगळे तिला चिडवत, "कोकणीची कोकॅनी." तिला ते आवडायचं.

मग पुण्याची संपदा आली. नॉर्वेत शिकलेली, गोड बोलणारी. प्रमुखांनी माशांच्या प्रजननाचं काम तिच्याकडे दिलं. उमामाकडे उरलं खाणं घालणं आणि पाणी तपासणं.

हळूहळू मासे बदलू लागले. चंदेरी अंग लालभडक झालं, डोकं हिरवट. नरांच्या पाठीला कुबड आलं, जबडा आकड्यासारखा वळला. त्यांनी खाणं सोडलं. अंडी घातली की हे मासे मरतात. पाहुणे बघायला येत. "हे माझे मासे," संपदा त्यांना सांगे. जाळी धूत उभी असलेली उमामा ते 'माझे' ऐकून जाळी आणखी जोरात घासे.

"माद्या अंडी द्यायला रविवारपर्यंत थांबतील," गुरुवारी संपदा म्हणाली. "आई येतेय, मी जेद्दाला जाऊन येते. काही वाटलं तर फोन कर हं. पहिली अंडी मला काढायचीत."

"करते ना," उमामा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या मादीचं पोट मऊ लागलं, म्हणजे अंडी तयार झाली होती. उमामाने फोन काढला, संपदाचं नाव पाहिलं आणि फोन परत खिशात टाकला. मादीच्या पोटावरून तिने हलकेच अंगठा फिरवला. केशरी अंडी भांड्यात ओघळली. नराचं बीजही तिनेच मिसळलं.

"फोन का नाही केलास?" परत आल्यावर संपदाने विचारलं.

"वेळ नव्हता."

"जेद्दाहून मी तासाभरात आले असते, उमामा."

उमामा पाणी तपासायला वळली.

अंडी जगली, पिल्लं निघाली. प्रमुखांनी सगळ्यांसमोर उमामाचं कौतुक केलं. संपदानेही टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच आठवड्यात कोळंबीच्या विभागात बदली मागून घेतली.

आता थंड खोली एकट्या उमामाची आहे. दुपारी जेवायला जाताना वाटेत कोळंबीचे हौद लागतात. तिथे संपदा बाह्या सरसावून काहीतरी दाखवत असते, भोवतालची माणसं हसत असतात. उमामाची पावलं थांबतात. कोळंबीतलं तिला काही कळत नाही. तरी तिथे आपण असायला हवं होतं, असं तिला रोज वाटतं.