चांदीचं हाड

रंगकाम करताना दादा शिडीवरून पडला आणि नडगीच्या मोडलेल्या हाडात पू झाला. ऑपरेशनं झाली, पण जंतू हटेनात. त्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेत हाडात भरण्यासाठी कॅल्शियम फॉस्फेटची पूड बनवायची आणि जंतू मारायला त्या पुडीत चांदी घालायची.

"चांदीचा पाय मिळणार मला, चोरांपासून जपावा लागेल," दादा वॉर्डभर सांगायचा.

शेवटच्या चाचण्यांत जंतू मेले, पण हाडाच्या पेशीही मेल्या. चांदी कमी केली, तर जंतू पुन्हा फोफावले.

ती वॉर्डात आली.

"झालं का गं माझं हाड?"

"नाही रे दादा. नाही जमलं."

तो पायाकडे बघत राहिला.

"मग डॉक्टरांना म्हणावं, कापा," तो म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.